मदत हवी आहे: ग्रुप मेडिक्लेमच्या जोरावर हॉस्पिटलकडून रुग्णसुरक्षेचे आकडे कसे मागायचे?

नमस्कार मंडळी. चाकणच्या एका कारखान्यात एचआर बघतो. कामगार सहाशेच्या आसपास, घरची माणसं धरून विमा दोन हजारांहून जास्त जणांचा. एप्रिलमध्ये पॉलिसी रिन्यू होईल.

अमेरिकेत मोठ्या कंपन्यांनी २००० साली एकत्र येऊन लीपफ्रॉग ग्रुप काढला. बिल आम्ही भरतो, तर औषधांच्या चुका कशा टाळता, आयसीयूत प्रशिक्षित तज्ज्ञ असतो का, हे सांगा, असा त्यांचा आग्रह. २०१२ पासून ते हॉस्पिटलना ए ते एफ अशी श्रेणीही जाहीर करतात. आपल्याकडे एवढं जमणार नाही, पण थोडं तरी?

टीपीएला (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था) विचारलं, तर पॅकेजचे दर आले. ब्रोकर म्हणाला, "हे कोणी विचारत नाही." थेट हॉस्पिटलांना मेल केली, तर एकाने एनएबीएचच्या (हॉस्पिटलचा दर्जा तपासून मान्यता देणारी संस्था) सर्टिफिकेटचा फोटो पाठवला, काचेवर फ्लॅश चमकलेला, मुदतीची तारीख वाचताच येईना. बाकीचे गप्प.

एनएबीएच असलेलीच निवडा, हे कृपया सुचवू नका, ते करतोच. कोणाचं कॅशलेस बंद करायचं नाही; रात्रपाळीत अपघात झाला तर जवळचंच गाठावं लागतं. रुग्णांची नावं नकोत. प्रीमियम वाढवायला मॅनेजमेंट तयार नाही. शेजारच्या दोन-तीन कंपन्या सोबत यायला तयार आहेत.

शस्त्रक्रियेनंतरचा जंतुसंसर्ग, चुकीचं औषध, रुग्ण पडणं, यांपैकी नेमके कोणते आकडे मागितले तर हॉस्पिटल खरोखर देतं? आणि ती अट विमा कंपनीच्या करारात घालायची की हॉस्पिटलशी वेगळा करार करायचा? कोणी प्रत्यक्ष केलंय का?