अध्ययनशैलीनुसार मुलांचे गट करावेत का?

प्रश्न : सहशिक्षिका, तासगाव तालुका
नमस्कार. माझ्याकडे तिसरीचा वर्ग आहे. शिक्षण परिषदेत आम्हाला असे सुचवण्यात आले की, प्रश्नावली भरून घेऊन मुलांचे दृश्य (पाहून शिकणारी), श्राव्य (ऐकून शिकणारी) आणि कृतिशील (करून शिकणारी) असे तीन गट करावेत व प्रत्येक गटाला त्याच्याच शैलीने शिकवावे. सध्या हातच्याची वजाबाकी चालू असून ५२ मधून २७ वजा करताना बरीच मुले उत्तर ३५ लिहितात. एकाच तासाला तीन तऱ्हांनी शिकवणे एकटीला पेलणारे नाही. पण उपयोग होणार असेल, तर माझी तयारी आहे.

उत्तर : अध्यापक, डी.एल.एड. महाविद्यालय, सांगली
मॅडम, गट करू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅश्लर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा शैलीशी जुळवून शिकवल्याने मूल अधिक शिकते हे सिद्ध करणारा पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. मुलांना आवडीनिवडी असतात हे त्यांनी नाकारलेले नाही. मात्र आवडीच्या पद्धतीने शिकवले म्हणून आकलन वाढतेच, असे म्हणता येत नाही. पद्धत ठरवायची ती आशयावरून. मिरजेत तंबोरा जुळवायला शिकणारा मुलगा प्रश्नावलीत 'दृश्य' ठरला, तरी त्याला स्वर कानानेच ओळखावा लागतो. प्रशिक्षणात मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांच्या १९८३ च्या बहुविध बुद्धिमत्तेच्या (माणसात एकच नव्हे, तर अनेक प्रकारच्या बुद्धिमत्ता असतात, या) सिद्धान्ताचा आधार पुष्कळदा दिला जातो, परंतु बुद्धिमत्ता आणि अध्ययनशैली एक नव्हेत, हे स्वतः गार्डनर यांनीच सांगितले आहे.

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापक, कोरेगाव
वरील सरांशी सहमत आहे. ३५ उत्तर काढणारी मुले सातातून दोन वजा करतात, म्हणजे त्यांची अडचण शैलीची नसून दशक सुटा करण्याची आहे. सगळ्याच मुलांना दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्याव्यात. सात काड्या बाजूला काढायला सांगितल्या की मूल अडते, इकडेतिकडे पाहते आणि अखेर एका गठ्ठ्याचे रबर काढते. त्याच क्षणी 'आता दशक किती उरले?' असे विचारून लगेच वहीत पाचावर काट मारून चार लिहून घ्यावेत. काडी, बोलणे आणि मांडणी एकाच मुलाच्या वाट्याला एकापाठोपाठ आली पाहिजेत. श्राव्य गटाला नुसता 'हातचा घ्या' हा नियम ऐकवत बसलात, तर तो पाठ होईल, समजणार नाही. साताऱ्याच्या कुमठे बीटमधील (शाळांच्या गटातील) ज्ञानरचनावादी, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान घडवते असे मानणारे, वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक येत; तिथला भरही मुलांनी स्वतः साहित्य हाताळण्यावरच होता. गट करायचेच असतील तर कोणाला दशक-एकक समजले आणि कोणाला नाही, यावरून करावेत आणि दर आठवड्याला बदलावेत.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद
आभारी आहे सर. एक शंका उरते. एक मुलगा तोंडी सूचनांना प्रतिसादच देत नाही, फळ्यावर लिहिले की मात्र बिनचूक करतो. त्याला तरी दृश्य शैलीचा म्हणावे ना?

उत्तर : अध्यापक, डी.एल.एड. महाविद्यालय, सांगली
त्याआधी त्याचे कान तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे आरोग्य तपासणी पथक शाळेत येते, तेव्हा त्याचे नाव आवर्जून सांगावे. पथक यायला अवकाश असेल, तर पालकांना भेटून ग्रामीण रुग्णालयात दाखवायला सांगावे. तोवर त्याला पहिल्या रांगेत बसवून, त्याच्याकडे तोंड करून बोलत जावे.