मदत हवी आहे: ऑफिसातली चहाची पाळी कशी निभवावी?

नमस्कार मंडळी,

नोकरीनिमित्त लीड्सला येऊन तीन महिने झाले. काम जमतंय, थंडी सोसतेय, घोडं अडलंय ते चहापाशी.

आमच्या सहाजणांतलं कुणीतरी उठतं, "ब्रू?" एवढंच विचारतं (इकडे इंग्लंडच्या उत्तरेत चहाला ब्रू म्हणतात) आणि सगळ्यांसाठी करून आणतं. पहिले पंधरा दिवस मी आयता पीत राहिलो. कुणी चकार शब्द काढला नाही, पण एके दिवशी मला कुणी विचारलंच नाही, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मग जोशात घरून थर्मासभर आपला चहा नेला. आलं ठेचून, दूध घालून, तीन उकळ्या काढून. सगळे "लव्हली, लव्हली" म्हणाले. नंतर मग धुवायला गेलो तर पाचही भरलेले.

एकाला 'बिल्डर्स' हवा असतो, एकीला 'मिल्की'. दूध आधी की नंतर, यावर दोघांचं रोज वाजतं. नेमका करायचा कसा? आणि मला तो न उकळलेला चहा घशाखाली उतरत नाही. पाळी घेऊन स्वतः न पिणं चालतं का?

– आलेपाक

कोपऱ्यातली_किटली:
न पिणं चालतं, न करणं चालत नाही! बिल्डर्स म्हणजे कडक, रंग विटेसारखा. मगात बॅग, त्यावर खळखळतं पाणी, तीन-चार मिनिटं थांबा, बॅग काढा, मग दूध. बॅगेवरच दूध ओतलंत तर पाणी निवतं आणि चहा उतरत नाही. दूध आधी ही पद्धत किटलीत चहा करणाऱ्यांची. ब्रिटिश मानक संस्थेने १९८० साली चव तपासणाऱ्यांसाठी १०० मिलीला २ ग्रॅम पत्ती आणि ६ मिनिटं ठरवून दिलीत. ऑफिसात एवढं थांबलात तर शोधायला येतील.

गिरगावकर:
चहाला नुसतं पेय समजू नका हो. महायुद्धात जुलै १९४० पासून माणशी आठवड्याला २ औंस, म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅम पत्ती मिळायची. ते रेशन १९५२ पर्यंत चाललं. ४ जुलै १९९० ला इंग्लंडवाले फुटबॉल विश्वचषकाचा पश्चिम जर्मनीविरुद्धचा उपांत्य सामना पेनल्टीवर हरले, तर सामना संपताच विजेची मागणी २,८०० मेगावॉटनी उसळली. हरले तरी आधी किटल्याच लावल्या!
आणि हो, चार्ल्स दुसरा आणि पोर्तुगालची कॅथरीन यांच्या १६६२ च्या ज्या लग्नात मुंबई आंदण गेली, त्याच नवरीमुळे इंग्लंडच्या दरबारात चहाची टूम आली. तेव्हा आपण वऱ्हाडीच.

आलेपाक:
दोघांचे आभार. कुणाला कसा हवा त्याचा कागद किटलीवर चिकटवलाय, आज पाचही मग रिकामे परत आले. स्वतःला गरम पाणी घेतलं. एकच शंका राहिली: साखर 'टू' म्हणतात, ते चमचे सपाट की शिगोशीग?