मदत हवी आहे: टर्बाइनच्या ब्रश सीलचा फक्त तळाचा भाग झिजलाय

नमस्कार मंडळी. मी एका साखर कारखान्याच्या को-जनमध्ये (वाफेवर वीज बनवणाऱ्या विभागात) मेंटेनन्सला आहे. आमच्या टर्बाइनच्या एचपी ग्लँडला (जास्त दाबाच्या बाजूला शाफ्ट केसिंगमधून बाहेर येतो तिथे) तीन सीझनपूर्वी लॅबिरिंथच्या (शाफ्टला न टेकणाऱ्या धारांच्या सीलच्या) जोडीला एक ब्रश सील, म्हणजे शाफ्टभोवती बारीक तारांचं, वाफ अडवणारं कडं, बसवलं. दोन सीझन सुखाचे गेले. यंदा जानेवारीपासून ग्लँडमधून वाफ दिसू लागली आणि पाठोपाठ लुब ऑइलमध्ये पाणी. रोज सकाळी ऑइल टँकच्या ड्रेनमधून अर्धी बादली पाणी निघायचं, तेल ताकासारखं पांढुरकं. बेअरिंगच्या धास्तीने रात्रीची झोप उडाली होती.

आता ओव्हरहॉलला रोटर बाहेर काढलाय. वरच्या अर्ध्या रिंगमध्ये तारा बॅकिंग प्लेटच्या (तारांना मागून आधार देणाऱ्या चकतीच्या) कडेपासून १.४ मिमी बाहेर आहेत, अगदी तळाला जेमतेम ०.८. तिथली टोकं भिंगाखाली पाहिली, तर तिरकी कापल्यासारखी चपटी आणि चकचकीत दिसतात.

फिटर म्हणतात, वापराची झीज आहे, नवं सील टाका. पण तसं असतं तर चहूबाजूंनी सारखं झिजलं नसतं का? सीझनमध्ये ट्रिपिंग (टर्बाइन अचानक बंद पडणं) बरंच झालं, म्हणून क्रिटिकल स्पीड (ज्या वेगाला रोटर सगळ्यात जास्त थरथरतो तो) ओलांडताना घासलं असेल असंही एक मत आहे. नवं सील महाग आहे, तेही असंच जाऊ नये. कुठून तपासू?

प्रतिसाद १
सील बाजूला ठेवा, आधी रोटरवरचा घासलेला पट्टा बघा. सील एकाच जागी झिजलंय आणि रोटरवर पट्टा पूर्ण गोल, एकसारखा असेल, तर रोटर सीलच्या मध्यावर नाही: बेअरिंग खाली बसलंय किंवा केसिंग सरकलंय. उलट सील चहूबाजूंनी झिजलं आणि रोटरवर खूण एकाच बाजूला असेल, तर रोटर वाकलेला किंवा बॅलन्स गेलेला. क्रिटिकलला घासलं असतं तर बहुधा हा दुसरा प्रकार दिसला असता.

आणखी एक. तारा फिरण्याच्या दिशेने साधारण ४५ अंशांत कललेल्या असतात, म्हणून शाफ्ट थोडा हलला तरी त्या लवतात आणि परत येतात. कपलिंगच्या कामात कुणी रोटर हाताने उलटा फिरवला होता का? तसं केलं की तारा उभ्या अडतात आणि मुडपतात. आमच्याकडे टर्निंग गिअरजवळ (रोटर हळू फिरवायच्या यंत्रणेजवळ) दिशेचा बाण रंगवून घेतलाय.

धागाकर्ता
सर, आत्ताच बघून आलो. पट्टा पूर्ण गोल आहे, नखाला खाच लागते. उलटा कुणी फिरवलेला नाही. तुमचं वाचून त्या बाजूचं बेअरिंग उघडलं, तर खालच्या पाळ्याचं बॅबिट (मऊ धातूचं अस्तर) बरंच खाल्लेलं. म्हणजे पाण्याने बेअरिंग गेलं, की बेअरिंग बसल्यामुळे सील झिजून पाणी आलं?

प्रतिसाद १
दोन्ही एकमेकांना वाढवतात, सुरुवात कुठून झाली ते मागच्या ओव्हरहॉलच्या क्लिअरन्स नोंदींत शोधा. पण क्रम चुकवू नका. बेअरिंग बदला, मग रोटर ठेवून ग्लँडच्या बोअरमध्ये सेंटरिंग घ्या (रोटर बरोबर मध्यावर आहे का ते मोजा), सील सगळ्यात शेवटी. आणि त्या खाचेवर नवं सील चढवू नका. तारा तिथे टेकणारच नाहीत. शाफ्ट घासून, कोटिंग करून घ्या.

धागाकर्ता
उद्याच जुन्या नोंदी काढतो आणि इथेच टाकतो. फार आभार सर.