हार्टच्या गोळ्यांनी पांढऱ्या पेशी कमी होतात का? लवकर सांगा

खानापूरचा_पाऊस: बाबांची अँजिओप्लास्टी झालीय. काल रक्त तपासलं, पांढऱ्या पेशी 2,800. गोळ्या बंद करू का? हो की नाही, एवढंच सांगा.

निपाणीकर: कधी झाली? गोळ्या कुठल्या? वय? काहीच न सांगता हो-नाही कोण सांगणार ओ?

खानापूरचा_पाऊस: दोन महिने झाले. वय 67. हार्टवाल्यांना देतात त्याच गोळ्या.

गुळवेलप्रेमी: सकाळी उपाशीपोटी गुळवेलीचा काढा. आमच्या मामांच्या पेशी आठ दिवसांत वाढल्या.

निपाणीकर: मामांना डेंग्यू होता, मागच्या धाग्यात तुम्हीच लिहिलंय. त्या प्लेटलेट. काढा न घेताही वाढतात.

चिकोडी_एक्सप्रेस: सरळ मिरजेला दाखवा. सकाळच्या गाडीनं जायचं.

टिळकवाडीचा_औषधवाला: स्टेंटला (रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीला) दोनच महिने झालेत, रक्त पातळ करायची गोळी स्वतःहून थांबवू नका, स्टेंटमध्ये गुठळी होईल. पूर्वीच्या टिक्लोपिडिन या तसल्याच गोळीनं पांढऱ्या पेशी घसरायच्या, क्लोपिडोग्रेलनं ते क्वचितच होतं. पाकिटं समोर घेऊन नावं लिहा.

खानापूरचा_पाऊस: क्लोपिडोग्रेल-ॲस्पिरिन, रोसुवास्टॅटिन, मेटोप्रोलॉल. एक बारकी गोळी आहे, पाकिटावर पेननं कन्नडात 'ऊटद नंतर' (जेवणानंतर) लिहिलंय, खाली कोल्चिसिन 0.5.

निपाणीकर: कोल्चिसिन तर गाऊटची, सांधे सुजतात त्याची! चुकून दिली असणार.

टिळकवाडीचा_औषधवाला: चुकून नाही. रक्तवाहिनीतली सूज कमी करायला देतात, अमेरिकेत 2023 मध्ये हृदयासाठी मंजूर झाली. न्यूट्रोफिल म्हणजे पांढऱ्या पेशींतलाच एक प्रकार, त्यांची धावपळ ती मंदावते, कामच ते. पण एवढ्या डोसनं सहसा संख्या पडत नाही. किडनी कशी आहे? पंधरा दिवसांत नवं औषध?

खानापूरचा_पाऊस: नवं काही नाही. घसा धरला म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तेवढंच. दोन दिवस जुलाब होतायत, पण ते पावसाळ्याच्या पाण्यानं.

टिळकवाडीचा_औषधवाला: अँटिबायोटिकचं नाव?

खानापूरचा_पाऊस: क्लॅरिथ्रोमायसिन.

टिळकवाडीचा_औषधवाला: हे आधी सांगायचं की ओ! क्लॅरिथ्रोमायसिन असलं की कोल्चिसिन अंगात साठत जातं. आधी जुलाब, मग अस्थिमज्जेवर घाला, तिथंच पांढऱ्या पेशी तयार होतात. पुढचा डोस द्यायच्या आत हार्टच्या डॉक्टरांना फोन लावा, दोन्ही नावं सांगा. अंग गरम असेल तर फोनचीही वाट बघू नका.

गुळवेलप्रेमी: काढा सोबत चालेल ना?

खानापूरचा_पाऊस: फोन झाला. त्या दोन्ही थांबवा, बाकीच्या चालू, पेशंटला घेऊन लगेच या म्हणाले. किडनीचा रिपोर्टपण मागितलाय, तो शोधतोय.

चिकोडी_एक्सप्रेस: सकाळची मिरज गाडी गेली असणार आता.