मदत हवी आहे: दिल्लीला किती दिवस पुरतील? (सोलापूरहून, सोबत सासूबाई आणि दोन मुलं)

शिवणयंत्र:
नमस्कार मंडळी. आमचं गणवेश शिवायचं छोटं युनिट आहे. मार्च उजाडला की शाळांच्या ऑर्डरी सुरू होतात, मग जूनपर्यंत मान वर करायला सवड नसते. म्हणून जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपली की फेब्रुवारीत दिल्ली करून यायचं ठरलंय. इथवर घरात एकमत. किती दिवस जायचं, यावर मात्र पंधरा दिवस रोज ताटावर वाद चाललाय.

आमचे हे म्हणतात दोन दिवस बास. लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट, झालं की. वर पानिपतही बघायचं म्हणतात. सासूबाईंना मथुरा हवी. वय अडुसष्ट, गुडघे दुखतात, पण मथुरेचं नाव काढलं की दुखायचे थांबतात. मुलगा सातवीत, रेल्वेचा वेडा. धाकटीने ड्रॉइंगच्या वहीत ताजमहाल काढलाय, तो बरोबर आलाय का ते तिला तपासायचंय. आणि मला एक दिवस असा हवाय, ज्या दिवशी कुणी "चला, आटपा" म्हणणार नाही.

एका टूरवाल्याने पाच दिवसांत दिल्ली, आग्रा, मथुरा, हरिद्वार सांगितलंय. मागे अशाच एका टूरबरोबर म्हैसूरला गेलो होतो. राजवाड्याला पाऊण तास आणि साडीच्या दुकानात दीड तास! त्यामुळे या खेपेला आपलं आपण जायचं. घर सोडल्यापासून घरी येईपर्यंत सात दिवस, त्याच्यावर युनिट बंद ठेवणं परवडत नाही. त्यात दिल्लीला किती द्यावेत?

बाळीवेसकर:
ताई, आधी गाडीचे दिवस वजा करा, मग दिल्लीचे मोजा. कर्नाटक एक्सप्रेस सकाळी सोलापुरात धरली की मनमाड, भुसावळ, भोपाळ, झाशी करत दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्ली. येताना रात्री निघून दुसऱ्या रात्री सोलापूर. म्हणजे सातातले दोन गाडीतच गेले. पण ही गाडी दिल्लीच्या आधी आग्रा कॅन्टला थांबते. मग दिल्लीत उतरून परत दोनशे किलोमीटर मागे आग्र्याला कशाला यायचं? जातानाचं तिकीट आग्र्यापर्यंतच काढा. दिल्लीचा एक अख्खा दिवस वाचतो.

कडकभाकरी:
मी वेगळंच सांगतो. किती दिवस याच्या आधी कुठले वार ते बघा. आम्ही गेल्या वर्षी आईला घेऊन मोठ्या उत्साहाने लाल किल्ल्यावर गेलो. मेट्रोतून वर आलो, किल्ला समोर, पण माणसं कमी. मला वाटलं, नशीब, गर्दी नाही. दाराशी गेल्यावर शिपाई म्हणाला, आज सोमवार है. मग म्युझियम बघू म्हटलं, राष्ट्रीय संग्रहालयही सोमवारी बंद. अक्षरधाम बंद. लोटस टेंपल बंद. शेवटी किल्ल्यासमोर फुटपाथवर बसून शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाल्ली. आई म्हणते, "बाहेरून तर दिसला की." तो एक दिवस आमच्या हिशेबात होता, प्रत्यक्षात नव्हता.

ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, तेही लक्षात ठेवा. कुतुबमिनार आणि हुमायूनचा मकबरा रोज उघडे.

यमुनापार:
मूळचा सोलापूरचा, नोकरीमुळे बारा वर्षं दिल्लीत. दोन दिवस बास म्हणणाऱ्यांना मीच स्टेशनवर आणायला जातो आणि तेच पाय चोळत परत जातात. दिल्लीत एक ठिकाण म्हणजे निदान किलोमीटरभर चालणं. कुतुबमिनार नावाचं मेट्रो स्टेशन आहे, तिथून मिनारापर्यंत पुन्हा रिक्षा लागते. लाल किल्ल्यात तर दारातून आत शिरल्यावरच खरं चालणं सुरू होतं. सासूबाई सोबत आहेत तर दिवसाला दोन ठिकाणं धरा. तिसरं जमलं तर जमलं. मेट्रो स्टेशनांवर लिफ्ट आहेत, त्यांना जिन्याची भीती नको. अक्षरधामला मोबाइल आणि पिशव्या आत नेता येत नाहीत, सगळं जमा करायच्या रांगेतच बराच वेळ जातो. त्याला अर्धा दिवस द्या, नाहीतर सोडून द्या. मी तुमच्या जागी सोडलं असतं.

मुलासाठी चाणक्यपुरीतलं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय. जुनी वाफेची इंजिनं उघड्यावर मांडलेली आहेत, छोटी गाडी पण आहे. तेही सोमवारी बंद. कुतुबमिनारावर मात्र चढता येणार नाही हे पोरांना आधीच सांगा. १९८१ मध्ये आत चेंगराचेंगरी झाली, तेव्हापासून खालूनच बघायचा. ७३ मीटर आहे, खालून बघूनही मान दुखते.

फेब्रुवारी मात्र उत्तम निवडलात. नोव्हेंबरात हवा खराब, जानेवारीत धुक्याने गाड्या तासन् तास उशिरा. २६ जानेवारीच्या आसपास तर संचलनामुळे निम्मे रस्ते बंद. फेब्रुवारीत राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यान उघडतं, ऑनलाइन नोंदणी करून जा.

शिवणयंत्र:
सगळ्यांचे आभार. वारांचं कुणी बोललंच नव्हतं आतापर्यंत! मी कॅलेंडर घेऊन बसले. मंगळवारी सकाळी निघायचं. बुधवारी सकाळी आग्रा, ताज आणि किल्ला, रात्री तिथेच मुक्काम. गुरुवारी मथुरा करून रात्री दिल्ली. शुक्रवार, शनिवार, रविवार दिल्लीत. रविवारी रात्री गाडी, सोमवारी रात्री घरी. म्हणजे सोमवार गाडीत जातो आणि शुक्रवारी आग्र्यात आपण नसतो. बरोबर ना?

यमुनापार:
बरोबर. थोडं इकडे-तिकडे करा. चांदनी चौकातली दुकानं रविवारी बंद असतात, म्हणून लाल किल्ला आणि चांदनी चौक शुक्रवारी उरका. शनिवारी सकाळी रेल्वे संग्रहालय, दुपारून कुतुब. रविवारी इंडिया गेट आणि त्याच्या मागचं राष्ट्रीय युद्ध स्मारक, तिथे तिकीट नाही. मथुरेत सकाळी लवकर पोचा. दुपारी देवळं बंद असतात, चार वाजेपर्यंत सासूबाईंना उन्हात कुठे बसवणार? ताजच्या अलीकडे गाड्या अडवतात, तिथून बॅटरीची गाडी मिळते, ती घ्या.

बाळीवेसकर:
आग्र्याच्या किल्ल्यासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. मुलांना १६६६ ची गोष्ट तिथेच उभं राहून सांगा, पुस्तकातल्यापेक्षा जास्त लक्षात राहते. आणि दादांच्या पानिपताचं काय?

शिवणयंत्र:
त्यांना सांगितलं, दिल्लीपासून नव्वद किलोमीटर, जाऊन-येऊन एक दिवस. तुमची दोन दिवसांची दिल्ली त्यातच संपेल. गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "मग पाच दिवस करू का दिल्ली?"

कडकभाकरी:
हाहा. दादांना म्हणावं, तालकटोरा बागेत जाऊन या. १७३७ ला बाजीराव फौज घेऊन दिल्लीवर आला तेव्हा मराठ्यांचा तळ तिथेच पडला होता. राष्ट्रपती भवनापासून जवळ आहे, रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं. पानिपत पुढच्या खेपेला.

यमुनापार:
रविवारी इंडिया गेटच्या आधी बसवा तालकटोरा. तुम्हाला हवा तो "आटपा"शिवायचा दिवस रविवारच ठेवा. संध्याकाळपर्यंत गवतावर बसा, गाडी रात्रीचीच आहे. आणि रिझर्व्हेशन आता साठ दिवस आधी उघडतं, सकाळी आठला. सासूबाईंना लोअर बर्थ टाकायला विसरू नका.

शिवणयंत्र:
ठरलं. दिल्ली तीन दिवस. यांना तालकटोरा पटला. लेकीने विचारलंय, बुधवारी सकाळी धुकं असलं तर ताजमहाल दिसेल का. आणि सासूबाईंनी ऐकून घेऊन एवढंच विचारलं, "सोमवारी सगळी दिल्ली बंद असती, तर सरकार काय करतंय त्या दिवशी?" याचं उत्तर कुणाकडे असेल तर सांगा.

कडकभाकरी:
त्यांना म्हणावं, चालतंय की. भाकरीचा डबा मात्र मोठा घ्या, मेट्रोत मशीनमधून गेला तरी काही होत नाही.