वृद्धाश्रमाच्या भिंतीवर वारली काढायची आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आई राहते त्या वृद्धाश्रमात जेवणघराकडे जाणारी 18 फुटी भिंत रंगवायची परवानगी मिळाली आहे. गेरूवर पांढऱ्यात तारपा नाच (तारपा हे वाद्य वाजवणाऱ्याभोवती फेर धरून नाचणारी माणसं) काढायचा विचार आहे. मूळ वारलीतली तांदळाची पेस्ट इथे टिकणार नाही, कारण भिंत रोज ओल्या फडक्याने पुसतात. म्हणून अ‍ॅक्रिलिक. त्यावर मॅट वार्निश पुरेल का? चमक नको, म्हाताऱ्या डोळ्यांना खुपते. खालचा फूटभर भाग पावसाळ्यात ओल धरतो, पोपडे निघतात. तिथे आधी काय करून घ्यावं? खोल्यांत माणसं असतानाच काम होणार, तर कमी वासाचा रंग कोणता? एक काका म्हणतात, "नाच कसला, एसटी स्टँड काढा!" आता मीही डळमळलेय. कुणी असं काम केलंय का?