पोडियमवर लेझीम

मेहेंदळे बी-१४०२: सेक्रेटरी साहेब, पोडियमवर पालिकेच्या शाळेची पोरं लेझीम खेळतायत, हे काय चाललंय? वर्क फ्रॉम होम आहे माझं, क्लायंट विचारतोय घरी लग्न आहे का

सेक्रेटरी: नमस्कार. शाळेचं पटांगण पाइपच्या कामासाठी खणलंय. बाईंनी विनंती केली म्हणून १५ ऑगस्टपर्यंत रोज ५ ते ६ दिलंय.

कुलकर्णी काका बी-९०१: ठराव झाला होता का?

परब काकू ए-३०४: लेझीमचा त्रास होतो आणि नवरात्रात तुमचा डीजे काय हरिपाठ म्हणतो का

मेहेंदळे बी-१४०२: काकू तो विषय वेगळा. हा सिक्युरिटीचा प्रश्न आहे, बाहेरची मुलं आहेत.

परब काकू ए-३०४: बाहेरची?? अर्धी आपल्या ए विंगची आहेत. माझा नातू पुढच्या रांगेत आहे. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा बिल्डर म्हणाला होता सगळे एकत्र राहणार, मग गेटं दोन का ठेवली ते विचारा त्याला

कुलकर्णी काका बी-९०१: गेट प्लॅनमध्येच होतं. ठराव झाला होता का ते सांगा.

शिंदे सर ए-२०१: मी पालिकेच्याच शाळेत होतो म्हणून सांगतो, आमच्या इमारतीत मराठी, गुजराती, उर्दू तीन माध्यमं होती, पालिका तर आठ भाषांत शिकवते, पण एकांची सकाळची शाळा सुटायची तेव्हा दुसऱ्यांची भरायची, जिन्यात धक्काबुक्की एवढीच काय ती ओळख. खो-खोला गडी कमी पडले म्हणून उर्दूची पोरं घेतली तेव्हा कुठे एकमेकांची नावं कळली. नुसतं एका छपराखाली कोंबून काही होत नाही हो

गोखले मावशी बी-११०३: अगदी बरोबर सर. माझी लेक ब्रॅडफर्डला शिकवते, तिकडे २००१ ला दंगली झाल्या आणि चौकशीत हेच निघालं, शेजारी राहून लोक वेगळेच जगतात, शाळासुद्धा वेगळ्या. मग २००६ चा कायदा करून २००७ पासून इंग्लंडमधल्या सरकारी शाळांना हे कामच लावून दिलं की समाज जोडा

तांबे ए-६०२: मावशी, ओल्या कचऱ्याच्या वेळी पण ब्रॅडफर्ड आलं होतं

मेहेंदळे बी-१४०२: आपल्याकडे आरटीई कायदा आहे ना, खासगी शाळांत गरीब मुलांना २५ टक्के जागा. शाळांचं काम शाळा करतील, सोसायटीच्या डोक्यावर कशाला?

तांबे ए-६०२: आरटीईचं नाव काढू नका. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारनेच नियम फिरवला, १ किमीत सरकारी नाहीतर अनुदानित शाळा असली की खासगी शाळा त्या २५ टक्क्यांतून सुटली. मुंबईत १ किमीत काय नसतं? हायकोर्टाने जुलैत रद्द केला पण ताईने वाट बघून पोराला दुसरीकडे टाकला. आणि ज्यांचा नंबर लागतो त्यांच्याकडे पिकनिकचे, ड्रेसचे पैसे मागतात, नाही भरले की पोरगं त्या दिवशी घरी. मग कसली जोडाजोडी

जोशी बी-७०५: माझी मुलगी बसमधून उतरून नुसती बघत उभी होती, बाईंनी तिच्या हातात लेझीमच दिली. घामाघूम होऊन वर आली आणि विचारतेय परब आजींचा नातू कितवीत आहे. मेहेंदळे भाऊ, तुमचा पण खांबामागे उभा होता हं

मेहेंदळे बी-१४०२: तो स्विमिंगला चालला होता.

तांबे ए-६०२: पूल मार्चपासून कोरडा आहे

चौधरी बी-३०३: गेस्ट पार्किंगमध्ये पांढरी क्रेटा कुणाची? माझी गाडी अडकलीये, लगेच काढा

कुलकर्णी काका बी-९०१: विषयांतर नको. ठराव झाला होता का?

सेक्रेटरी: काका, कमिटी मीटिंगमध्ये मंजूर झालंय. मिनिट्स नोटीस बोर्डवर लावलेत, मुलांची यादी वॉचमनकडे आहे.

कुलकर्णी काका बी-९०१: कोणत्या बोर्डवर? बी ला तर काही नाही.

सेक्रेटरी: ए विंगच्या.

कुलकर्णी काका बी-९०१: मग आम्हाला कळणार कसं?

परब काकू ए-३०४: आमच्याकडे येऊन बघायचं, बंदी नाहीये

चौधरी बी-३०३: वॉचमन म्हणतोय क्रेटा कुलकर्णी काकांच्या जावयाची आहे. काका, ठराव झाला होता का?